जिनमधली कबुली

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला आमच्याकडे जिन म्हणतात. माझ्या कोरीट गावाहून मी दर हंगामाला कापसाच्या गाड्या नंदुरबारच्या ज्या जिनमध्ये नेत असे, तिथे एक रिवाज होता. एखाद्या यंत्राने कुणाला इजा केली की ते यंत्र बंद राहायचं. मालकाने कितीही सांगितलं तरी त्याच्यासमोर कोणी उभं राहायचं नाही. जखमी माणूस पायावर उभा राहण्याइतका बरा झाला की त्याने यायचं, यंत्राला देवी मानून शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘मन्ही चूक व्हयनी माय, पोटमा घाल.’ मग खोबऱ्याचे तुकडे वाटायचे आणि काम सुरू. माणूस मेला असेल तर त्याच्या घरचं कोणीतरी येऊन हेच म्हणायचं.

हे शब्द कोणी ठरवले ते मला ठाऊक नाही. इंजिनं येण्याच्या आधी विहिरीला आणि तेलाच्या घाण्याला लोक असंच म्हणत असतील. आजारी मूल मांडीवर घेऊन देवीपुढे बसलेली बाईही ‘चुकलंमाकलं पोटात घाल’ म्हणते. मुलाला गोवर आईच्या चुकीने आला, असा त्याचा अर्थ कोणी करत नाही. मोठ्यापुढे जायचं तर आधी वाकायचं, एवढंच त्यात असतं.

या शब्दांचा अर्थ धरून एका माणसाच्या उजव्या हाताचं मोल बुडवायचा प्रयत्न झाला. तो माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. त्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. माझा राग उतरलेला नाही, आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे पाव्हणे म्हणतात. वयाने लहान असले तरी मान मोठा. भावाभावांत वाटणी झाल्यावर पाव्हण्यांच्या वाट्याला आलेली जमीन घरच्या पाच माणसांना पुरण्याजोगी नव्हती, म्हणून हंगामापुरते ते जिनमध्ये तेलवाल्याचं काम करत. शेडच्या एका टोकाला इंजिन, तिथून सगळ्या यंत्रांच्या मागून फिरणारा लांब लोखंडी दांडा. दांड्यावर चाकं बसवलेली, आणि चाकावरून एकेक चामड्याचा पट्टा एकेका यंत्राला फिरवतो. यंत्रांपुढे बायका उभ्या राहून कापूस भरवतात. तेलवाल्याने दांड्याच्या बैठकींना तेल द्यायचं आणि पट्टे सांभाळायचे. सैल झालेला पट्टा चाकावरून उतरतो. तो पुन्हा चढवायचा तर इंजिन थांबवायला हवं. शेडमध्ये तशी पाटीही होती: ‘यंत्र चालू असताना पट्टा चढवू नये.’ एरवी त्या पाटीवर रुईचे, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचे, तंतू चिकटून बोटभर थर बसलेला असे. सरकारचा इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी सकाळी मुकादम तिला झाडू मारायचा.

एक पट्टा चढवायला इंजिन थांबवून पुन्हा वेगात आणेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्यात सगळी यंत्रं मिळून किती रुई काढतील, याचा मी नंतर हिशेब केला. एक गाठसुद्धा पुरी भरत नाही.

पौष महिना होता. थंडीमुळे पाव्हण्यांनी लांब बाह्यांची बंडी घातली होती. मी बाहेर काट्यावर माझी गाडी मोजून घेत होतो. जिनच्या आवारात इंजिनाचा आवाज इतका सतत असतो की तो ऐकूच येत नाही. तो बंद पडला तेव्हा मला ऐकू आला. काटेवाला म्हणाला, ‘आते काय व्हयनं?’ आणि तेवढ्यात शेडमधून बायकांचा ओरडा आला.

पट्ट्याने बंडीची बाही धरली होती. हात पट्टा आणि चाक यांच्यामध्ये गेला होता. मी आत पोचलो तेव्हा पाव्हणे खाली बसलेले, तोंडावर रुई चिकटलेली, आणि शेजारी मुकादम उगाच पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘मी सांगं व्हतं, जरा दमथीन.’ त्याने असं काही सांगितलं नव्हतं. पाव्हण्यांनी मला पुढे सांगितलं की तो ओरडला होता, ‘चढाव पटकन, बाया उभ्या शेतस!’ धुळ्याच्या दवाखान्यात हात कोपराच्या खाली चार बोटांवर कापला.

पाव्हणे घरी आले होते, जखमेची पट्टी अजून रोज बदलावी लागत होती, तोच जिनच्या मॅनेजरने दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, पाठवली. दमणीबरोबर निरोप असा: यंत्र बंद आहे, बायांचा रोज बुडतो आहे, तेव्हा पाव्हण्यांनी येऊन नारळ फोडावा. बायांचा रोज बुडत होता हे खरंच होतं. त्या यंत्रावरची बाई स्वतः येऊन माझ्या बहिणीला म्हणाली होती, ‘उभा ऱ्हाता उनं का तेस्ले? मन्हा घरमा दोन दिन व्हयनात, नुसती भाकर आनि मीठ शे.’ पाव्हणे अंगाने अशक्त, पण हे ऐकून लगेच उठले. मी सोबत गेलो.

शेडमध्ये सगळे गोळा झाले होते. मॅनेजरशेजारी काळा कोट घातलेला, पायात मोजे असलेला एक गृहस्थ उभा होता. मॅनेजर म्हणाला, ‘आमचे मुंबईचे पाहुणे.’ पाव्हण्यांनी डाव्या हाताने शेंदूर लावला. नारळ त्यांना फोडता येईना, तो मी फोडला. मग त्यांनी यंत्रापुढे वाकून ते शब्द म्हटले. आवाज बारीक निघाला, तशी मागून कोणी बाई म्हणाली, ‘जराक मोठं म्हना दादा, मायले इंजनना आवाजनी सवय शे.’ लोक हसले, पाव्हणेही हसले, आणि त्यांनी मोठ्याने म्हटलं.

कोटवाल्याने प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग मऊ आवाजात पाव्हण्यांना म्हणाला, ‘मला तुमची ही बोली नीट कळत नाही. आत्ता काय म्हणालात? पुन्हा सांगता?’

पाव्हणे शाळेत चार इयत्ता शिकलेले. परक्या माणसाला समजावं म्हणून त्यांनी पुस्तकी भाषेत सांगितलं, ‘माझी चूक झाली, असं म्हणालो.’

‘वा,’ असं म्हणून कोटवाल्याने खिशातून पेन्सिल काढली आणि जवळ उभ्या असलेल्या दोघा-तिघांची नावं विचारून घेतली. मला वाटलं, मुंबईच्या माणसाला खेड्यातल्या रीतींची हौस असेल.

पुढच्याच आठवड्यात तो पाव्हण्यांच्या घरी आला. मी तिथेच होतो. बाजेवर बसून त्याने चहा घेतला आणि आपण विमा कंपनीचे आहोत हे तेव्हा सांगितलं. जिनने कामगारांचा विमा उतरवलेला आहे, कामगाराला इजा झाली तर भरपाई कंपनी देते, तसा सरकारचा कायदाच आहे, हे सगळं त्याने नीट समजावलं. बोलायला माणूस हुशार होता. मग म्हणाला, ‘पण तो कायदा निर्दोष माणसासाठी. यांनी तर पन्नास माणसांसमोर आपली चूक कबूल केली. साक्षीदार आहेत. आता कोर्टात गेलात तर एक पैसा मिळणार नाही. तरीही कंपनीला माणुसकी आहे.’ आणि माणुसकीची जी रक्कम त्याने सांगितली, ती पाव्हण्यांच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी होती. त्याने शाईची डबीही बरोबर आणली होती. ‘सहीची अडचण असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो,’ असं तो म्हणाला. कापलेला उजवा हात त्याच्यासमोर झोळीत लटकत होता.

पाव्हणे खाली बघत म्हणाले, ‘ते म्हनतस ते खरं शे, भाऊ. मी म्हननू.’

दाराआडून माझी बहीण बोलली. ती परक्यापुढे येत नसे, पण तिचा आवाज येई. ‘भाऊ, त्यास्ले इचार, आमनी जिनमानी माय त्यास्नी कचेरीमा कधी नोकरीले लागनी?’

‘काय म्हणतात बाई?’ कोटवाल्याने मला विचारलं.

‘चहात साखर पुरेशी आहे का, असं विचारते.’

‘अगदी, अगदी,’ तो म्हणाला.

आठवड्यात कळवतो, असं सांगून मी त्याला वाटेला लावलं. जाताना तो पाव्हण्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘फार उशीर करू नका. मुंबईच्या साहेबांचं मन बदललं तर माझ्या हातात काही राहणार नाही.’

तो गेल्यावर बहीण बाहेर आली आणि रागाने नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, ‘आंगठा लायी देतीन ते. देवभोळा माणूस शे. तूच काय ते कर.’ पाव्हणे खरंच अंगठा द्यायला तयार होते. चार महिन्यांचा पगार तर चार महिन्यांचा. शब्द आपल्या तोंडून गेला आहे, आता भांडायचं कशावर, असं त्यांचं म्हणणं. माझ्या बहिणीच्या घरात दोन लेकरं, एक म्हातारी सासू, आणि नांगर धरणारा एकच उजवा हात होता. तो आता नव्हता. चार महिन्यांनंतर काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला. 

मी मॅनेजरकडे गेलो. माझा कापूस त्यांच्याकडे दर वर्षी जायचा, त्यामुळे खुर्ची मिळाली.

मी म्हणालो, ‘दमणी तुम्ही पाठवली. यंत्र चालू व्हावं म्हणून त्यांना बोलावलं. मुंबईचे पाहुणे म्हणून तो माणूस तुम्ही उभा केला.’

‘पाटील, रिवाज तुमच्या लोकांचा आहे. मी नवीन काही काढलेलं नाही.’

‘दसऱ्याला इंजिनाची पूजा तुम्ही करता ना? तेव्हा हात जोडून काय म्हणता?’

‘सगळे म्हणतात तेच. वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा असावी.’

‘मग त्या वर्षात जेवढ्यांचे हात गेले ते तुमच्या चुकीने गेले, हे तुम्हीच दर वर्षी कबूल करता.’

‘ते वेगळं.’

‘कसं वेगळं?’

त्याने समोरची दौत उचलून दुसरीकडे ठेवली आणि म्हणाला, ‘तुमचा कापूस आम्ही आजपर्यंत कधी परत पाठवला आहे का, पाटील?’ मी उठलो. एवढं मराठी मलाही कळतं.

दुसऱ्या दिवशी मोटारीने धुळ्याला गेलो. तिथे कामगारांच्या भरपाईचे दावे चालवणारे एक म्हातारे वकील आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. मी त्यांना आधी चुकीच्या कबुलीची गोष्ट सांगितली, कारण मला तीच सगळ्यात मोठी अडचण वाटत होती. त्यांनी मध्येच हात वर केला.

‘दारू प्यायले होते का?’

‘नाही. ते चहासुद्धा बेताने पितात.’

‘यंत्राचं काही झाकण मुद्दाम काढलं होतं?’

‘नाही.’

‘मग चूक झाली असली काय आणि नसली काय. या कायद्यात चुकीने भरपाई बुडत नाही. माणसं चुकतात म्हणूनच हा कायदा आहे. सुरक्षिततेसाठी दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला असं त्यांनी सिद्ध केलं, तरच अडचण.’

मी मग विचारलं, ‘तो विम्याचा माणूस हे जाणतो का?’

वकील म्हणाले, ‘त्याला कलमाच्या आकड्यासकट पाठ असेल. त्याचं पोटच त्यावर आहे.’

मला जो राग आला तो तिथे आला. तोवर मला वाटत होतं की हा माणूस कायद्याचा धाक दाखवतो आहे आणि कायदाच आमच्याविरुद्ध आहे. कायद्याशी कोण भांडणार? पण त्याच्या हातात काहीच नव्हतं. यंत्रापुढे म्हटलेल्या त्या शब्दांना कोर्टात कवडीची किंमत नव्हती. त्याला हे ठाऊक होतं, आणि पाव्हण्यांना ठाऊक नाही हेही त्याला ठाऊक होतं. तो देवीचा प्रसाद कपाळाला लावून गेला होता. कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे त्या हाताचा हिशेब वकिलांनी करून दाखवला. तो पाव्हण्यांच्या दोन वर्षांच्या पगाराच्याही वर जात होता. मी तो कागदावर स्वतः दोनदा करून पाहिला. बरोबर होता.

परत आल्यावर मी जिनमधल्या जुन्या माणसांना विचारत फिरलो. एकाची तीन बोटं गेलेली, एकीचे केस दांड्यात गुंतून डोक्याची कातडी सोलली गेलेली. त्या दोघांनी नारळ फोडून तेच शब्द म्हटले होते. दोघांकडे कोटवाला जाऊन आला होता. दोघांनी अंगठा दिला होता. ती बाई मला म्हणाली, ‘चांगला माणूस व्हता. मन्हा पोऱ्यासाठे गूळ लई उना व्हता.’ मी तिला काही सांगितलं नाही. तिची दावा लावायची मुदत केव्हाच संपली होती.

वकिलांचा हिशेब ऐकल्यावर पाव्हण्यांनी अंगठा दिला नाही, आणि दावा दाखल झाला. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर वकिलांनी पाव्हण्यांना शिकवलं, ‘ते विचारतील, देवीपुढे असं म्हणालात का? म्हणालो म्हणा. मग सांगा, ही नुसती रीत आहे, बोलायचं म्हणून बोललो, त्यात खरं काही नव्हतं. नाहीतर त्याच कबुलीचा धागा धरून हुकूम जाणूनबुजून मोडल्याचं काढतील.’

पाव्हण्यांनी मान हलवली. ‘तसं मी म्हननार नही.’

‘अहो, का?’

पाव्हणे माझ्याकडे वळून बोलले. वकिलांशी बोलायला त्यांना संकोच वाटत असे. ‘भाऊ, त्या यंत्रवर आते दुसरी बाई उभी शे. मी देवीसमोर खोटं बोलनू व्हतू आसं आठे म्हनू, आनि उद्या तिले काही व्हयनं तं?’

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? पाव्हण्यांच्या हाताची भरपाई एका वाक्यावर अडली होती, आणि ते वाक्य म्हणायला ते तयार नव्हते. मला त्यांचाही राग आला. पण त्या कोटवाल्याने एका भाविक माणसाला हक्क आणि देव यांच्यात उभं केलं होतं, आणि तो समोरच्या बाकावर बसून पान खात होता. त्याचा मला जास्त आला.

वकील म्हणाले होते तसंच झालं. विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, ‘तुम्ही देवीसमोर खोटं बोलता का?’

‘नाही.’

‘म्हणजे चूक झाली हे खरं?’

‘हो.’

‘शेडमध्ये पाटी होती?’

‘होती.’

‘वाचता येते?’

‘येते.’ आणि कोणी न विचारता त्यांनी पाटीवरचं वाक्य म्हणून दाखवलं. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. चुकीचं एक वेळ चाललं असतं, पण आता पाटीचा हुकूम ठाऊक असून मोडला, हे पाव्हण्यांच्याच तोंडून आलं होतं. मुकादम येऊन सांगून गेला की त्याने पट्टा चढवायला सांगितलंच नाही, तेलवाल्याने आपल्या मनाने केलं. सांगताना तो पाव्हण्यांकडे बघत नव्हता.

मग मॅनेजरची साक्ष झाली. त्याला आपल्या कारखान्याचा फार अभिमान. शेड कशी हवेशीर आहे, इंजिन कोणत्या बनावटीचं आहे, हे त्याने विचारल्याशिवाय सांगितलं. आणि म्हणाला, ‘साहेब, हंगामात सकाळच्या भोंग्यापासून दुपारच्या भोंग्यापर्यंत आमचं इंजिन एकदाही थांबत नाही. तालुक्यात असं दुसरं जिन दाखवा.’

न्यायाधीश तोवर खाली मान घालून लिहीत होते. ते थांबले. त्यांनी विचारलं, ‘पट्टे उतरत नाहीत?’

‘उतरतात ना. चामडं आहे. रोज दोनचार उतरतात.’

‘आणि इंजिन थांबत नाही.’

मॅनेजर ‘नाही’ म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. विमा कंपनीच्या वकिलाच्या आधीच लक्षात आलं होतं.

न्यायाधीशांनी मुकादमाला परत उभं केलं. ‘उतरलेला पट्टा कोण चढवतो?’

‘तेलवाला, सायेब.’

‘इंजिन बंद करून?’

मुकादमाने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर छताकडे बघत होता.  मुकादम आपल्या बोलीत एकदम म्हणाला, ‘इंजन बंद करं तं मॅनेजरसायेब मन्हा बाप काढतस, सायेब. मी काय करू?’

कोर्टात हशा पिकला. मी हसलो नाही. पाव्हणे मुकादमाकडे बघून दोनदा मान हलवत होते, जणू तोच संकटात होता.

निकाल आमच्या बाजूने लागला. जो हुकूम रोज मोडायला लावला जातो तो हुकूम नव्हे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. देवीपुढच्या शब्दांबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं की त्यांचा या कामाशी संबंध नाही. कोष्टकाप्रमाणे सगळी रक्कम मिळाली.

बाहेर व्हरांड्यात कोटवाला माझ्याजवळ आला. मला वाटलं, मान खाली घालून जाईल. तो हसत म्हणाला, ‘पाटील, तुम्ही मनाला फार लावून घेता. बहुतेक लोक अंगठा देतात आणि खूश असतात. माझा धंदा आहे हा. मी काही तुमच्या पाव्हण्यांचा हात कापलेला नाही.’

मी म्हणालो, ‘कापणाऱ्या यंत्राला काही ठाऊक नव्हतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि मोटारीच्या वेळेची चौकशी करू लागला.

लोक मला म्हणतात, जिंकलात ना, मग आता कशाचा राग? मी त्यांना सांगतो, ते मिळालं ते आमचंच होतं. ते मिळवायला मला धुळ्याच्या चकरा माराव्या लागल्या, त्या मी मारू शकलो, कारण माझ्या घरी बैल आणि गडी आहेत. तीन बोटं गेलेल्याकडे ते नव्हतं. पुढच्या हंगामात जिनच्या काट्यावर माझा कापूस ओला ठरला. दोन गाड्यांतला वाळलेला, कडकडीत कापूस. मी गाड्या वळवल्या आणि तापी उतरून शहाद्याला नेल्या. तिथे तो कोरडा होता. पाव्हण्यांना जिनने परत घेतलं नाही. मिळालेल्या पैशांतून त्यांनी दोन म्हशी घेतल्या, आणि डाव्या हाताने धार काढायला शिकले. पहिल्या महिन्यात निम्मं दूध जमिनीवर सांडे आणि बहीण म्हणे, ‘मांजरस्नं नशीब उघडनं.’

त्याच हंगामात जिनमध्ये एका बाईची दोन बोटं चामड्याच्या रुळाखाली गेली. ती बरी होऊन नारळ फोडायला यायची होती, त्या दिवशी पाव्हणे म्हणाले, ‘भाऊ, गाडी जुंपा.’ मी विचारलं नाही. आम्हाला आवारात येऊ देतील का ही शंका होती, पण नारळासाठी अख्खी शेड थांबलेली असताना दारावर भांडण नको, म्हणून मॅनेजरने काही म्हटलं नाही. त्याच्याशेजारी, दारात, तोच कोटवाला होता. हातात पेन्सिल होती.

बाई तरुण होती, हाताला फडकं गुंडाळलेलं. तिने शेंदूर लावला. नारळ फुटला. ती वाकली तसे पाव्हणे पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बहीन, चूक म्हनू नको.’

ती गोंधळली. मागे उभी असलेली एक म्हातारी पाव्हण्यांवर चिडली. ‘आनि मंग मायले कसं समजी? तुम्ही म्हनं व्हतं का नही? आमना बापदादास्नी म्हनं का नही?’

‘म्हनं मावशी. मी खरंच म्हनं व्हतं.’

‘मंग? बिन म्हनता माय ऐकी का?’

पाव्हण्यांनी कापलेला हात वर केला आणि दाराकडे दाखवला. ‘माय ऐकस. पन तो बी ऐकस.’

सगळ्यांनी वळून कोटवाल्याकडे पाहिलं.  त्या बाईने पुष्कळ वेळ घेतला. रीत मोडायची तर ती आपल्यापासून मोडणार, आणि पुढे कोणाला काही झालं तर लोक आपल्याला म्हणणार, हे तिच्या मनात असणारच. शेवटी ती यंत्रापुढे वाकली आणि म्हणाली, ‘माय, बठ्ठास्ले सांभाळ.’ सगळ्यांना सांभाळ, एवढंच म्हणाली आणि मागे सरली.

यंत्रापुढे कोणी जाईना. मॅनेजर घड्याळ काढून बघायला लागला. मग चिडलेली ती म्हातारीच पुटपुटत पुढे गेली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि आपली जागा घेतली. मुकादमाने इंजिनवाल्याला हाक मारून आधी इंजिन बंद आहे ना ते विचारलं, आणि पट्टा चढवला.

तेव्हापासून त्या शेडमध्ये एवढंच म्हणतात. वाकून चूक पदरी घ्यायची जुनी रीत तिथे संपली. ती चांगली रीत होती की वाईट, मला सांगता येणार नाही. पण आमच्या लोकांनी ती आपण होऊन सोडली नाही, देवापुढे काय बोलावं हे एका विमा कंपनीच्या माणसाला भिऊन ठरवावं लागलं. परतताना गाडीत पाव्हणे म्हणाले, ‘मायनी मानं व्हई ना, भाऊ?’ मी म्हणालो, मानलं असेल.

खोबऱ्याचं ताट दारापर्यंत फिरलं होतं, ते मी पाहिलं. कोटवाल्याने पेन्सिल खिशात घातली आणि प्रसाद न घेताच तो निघून गेला.